शेवटच्या आजारात अखत्यार कोणाचा?



ज्या डॉक्टरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आला आहात, त्यांना प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला आला नाही. परंतु चालकांनी त्यांच्याविषयी जी माहिती पुरविली तीत एक गोष्ट अशी होती की, आता औषधाचा उपयोग नाही हे रोग्याच्या घरच्यांना सांगण्याची वेळ आली म्हणजे ते स्वतः ओट्यावर बसून सांगत, कंपाउंडरकरवी सांगवीत नसत. एवढे एक वाक्य वाचले आणि आजचा विषय मी कायम करून टाकला. विषय जाहीर झाल्यावर एका सद्गृहस्थांनी, 'भर सणासुदीत हे कसले अभद्र व्याख्यान लावता?' असा निरोप चालकांकडे पाठविल्याचे कळले. ते येथे आले असतील तर त्यांचे मी मनापासून आभार मानतो. कारण ज्या गोष्टीचा नुसता उच्चार आपणांस अभद्र वाटतो, तिचा निर्णय घरोघर शेवटी घाईत, अर्धवट माहितीवर आणि बहुधा अपरात्री होतो, हेच तर मला पुढील तासाभरात सांगावयाचे आहे.

दुर्धर व्याधीने जर्जर झालेल्या मनुष्याला मरण मागण्याचा अधिकार असावा काय, आणि त्याने मागितले तर वैद्याने ते द्यावे काय, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेतील विधिमंडळे व न्यायालये गेली पन्नास वर्षे झगडत आहेत. आपल्याकडे महाविद्यालयांतील वादविवाद-स्पर्धांत हा ठराव नेहमीचा झाला आहे, आणि अनुकूल बाजूचा वक्ता बहुधा ढाल घेऊन घरी जातो. स्पर्धेत एक सोय असते: तीन निरनिराळ्या कृती एकाच मथळ्याखाली कोंबता येतात आणि टाळ्या एकाच खात्यावर जमा होतात. आपणांस ती सोय नाही. म्हणून या तीन कृती आधी वेगळ्या करून घेऊ.

रोग्याच्या स्पष्ट व वारंवार केलेल्या मागणीवरून डॉक्टरने स्वतःच्या हाताने प्राणांतक औषध टोचणे, ही पहिली. नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००२ पासून अमलात असलेल्या कायद्याने, काही अटी पाळल्या तर, याला मुभा दिली; बेल्जियमने त्याच वर्षी तोच मार्ग धरला. डॉक्टरने औषध केवळ लिहून द्यावे, ते घ्यावे की न घ्यावे आणि केव्हा घ्यावे हे रोग्याने ठरवावे, ही दुसरी. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून ती चालू आहे. आणि स्वित्झर्लंडमध्ये तर १९४२ पासून अमलात असलेल्या दंडसंहितेने अशा साहाय्याला शिक्षा सांगितली ती केवळ स्वार्थी हेतू असेल तरच, त्यामुळे त्या एका कलमाच्या आडोशाने पुढे संस्था उभ्या राहिल्या आणि परदेशचे रोगीही तेथे जाऊ लागले. तिसरी कृती म्हणजे श्वासयंत्र, डायलिसिस, रक्तदाब टिकविणारी औषधे हे सारे न लावणे किंवा लावलेले काढून घेणे, आणि रोगाला त्याच्या गतीने जाऊ देणे. आपल्या देशात आज कायद्याने मान्य आहे ती एवढी तिसरीच. या तिसरीत आणि पहिल्या दोहोंत खरोखर नैतिक अंतर आहे काय? हा प्रश्न मी टाळणार नाही, थोडा वेळ तहकूब ठेवतो.

कारण त्याआधी परंपरेचा दाखला पुढे येतो. हा विषय निघाला की कोणीतरी तत्काळ म्हणते, आपल्याकडे यात नवे ते काय? १२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी संजीवन समाधी घेतली. जैनांची सल्लेखना तर शेकडो वर्षे अव्याहत चालू आहे. आपल्याच मुलखात कुंथलगिरीच्या डोंगरावर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी ती घेतली. १९६६ च्या फेब्रुवारीत सावरकरांनी अन्न आणि औषध वर्ज्य करून देह ठेवला, आणि तसे करण्यापूर्वीच आत्महत्या व आत्मार्पण यांतील भेद लिहून ठेवला. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी तेच केले. डॉक्टरांच्या व भक्तांच्या विनवण्यांना त्यांनी दाद दिली नाही.

या नावांपुढे मी नम्र आहे. पण श्रोतेहो, एक गोष्ट आपल्या ध्यानात येते काय? या प्रत्येक मरणात मरणारा मनुष्य हा भोवताली जमलेल्या माणसांतील सर्वांत बलवान मनुष्य होता. त्याचा शब्द म्हणजे हुकूम होता, आणि जमलेले लोक तो शिरसावंद्य मानीत होते. आता अतिदक्षता विभागातील रोगी डोळ्यांपुढे आणा. त्याच्या घशात नळी आहे, म्हणून त्याला बोलता येत नाही; नळी उपसून टाकील म्हणून त्याची मनगटे बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली आहेत; आणि त्याच्याविषयीची सारी बोलणी काचेच्या दाराबाहेर, तो ऐकू शकणार नाही अशा अंतरावर चालली आहेत. या माणसाला विनोबांचे उदाहरण सांगण्यात काय हशील? परंपरेकडून आपणांस एकच गोष्ट मिळते, परंतु ती मोलाची आहे: अखेरीस अन्नौषधाला नकार देणे आणि निराशेने जीव देणे या दोन गोष्टी आपल्या समाजाने कधी एका पंक्तीला बसविल्या नाहीत. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्या बसविल्या, सल्लेखनेला आत्महत्या ठरविले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

परंपरेतील आणखी एका प्रसंगापाशी मात्र मला थांबावेसे वाटते, आणि तो प्रसंग माणसाचा नाही, एका वासराचा आहे. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन असह्य वेदनांनी तळमळत पडले होते. त्याला कूसही बदलता येईना. उपाय सर्व खुंटले असे खातरीने कळल्यावर गांधीजींनी डॉक्टरला बोलावून, स्वतः समोर उभे राहून, त्याला विषाची सुई टोचविली. अहिंसेचा पुजारी गोवत्साचा वध करवितो! गुजरातेत केवढा गहजब झाला, संतापाची किती पत्रे आली, याची आपण कल्पना करू शकता. गांधीजींनी ती गोष्ट लपविली नाही. स्वतःच्या पत्रात लेख लिहून छापली. आणि लोकांनी मग साहजिक प्रश्न विचारला: हाच न्याय माणसाला लावाल काय? त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, तत्त्वतः लावीन. परंतु आजारी आप्ताची पीडा हलकी करण्याची काही ना काही साधने बहुधा आपल्या हाती असतात, आणि त्याला स्वतः विचार करून ठरविण्याची शक्ती असते, म्हणून व्यवहारात तशी वेळ येत नाही.

या उत्तरात दोन अटी आहेत. पीडा हलकी करण्याची साधने खरोखर हाती असली पाहिजेत, आणि रोग्याचे मत खरोखर विचारले गेले पाहिजे. शंभर वर्षे होत आली. या दोन्ही अटी आपण पुऱ्या केल्या आहेत काय?

आता मी आपणांस मुंबईस, परळला घेऊन जातो. केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची एक परिचारिका होती. उत्तर कन्नडमधील हळदीपूर हे तिचे गाव, वय पंचवीस, लग्न ठरलेले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयाच्या तळघरात तेथील एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला; दृष्टी गेली, वाचा गेली, ज्याला आपण जाणीव म्हणतो तिचा बहुतेक भाग गेला. हल्लेखोराला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्याच आरोपांवरून सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. अरुणा सुटली नाही. सुमारे बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत पडून राहिली, आणि त्या बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी, ज्यांतील पुष्कळ जणी त्या हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या, तिला न्हाऊ घातले, अन्न कुसकरून भरविले, तिचे केस विंचरले. मध्यंतरी तिला तेथून हलविण्याची तजवीज झाली तेव्हा त्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

न्यायालयापुढे जी कैफियत आली तीत एक साधी नोंद आहे: इतक्या वर्षांत अरुणाच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे त्यांना या नोंदीचा अर्थ मी सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. माकडहाड, टाच, खांद्याचे पाते, जेथे जेथे हाड अंथरुणाला टेकते तेथील कातडी प्रथम लाल होते, मग काळवंडते, मग फाटते. ती फाटू नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसा आणि रात्रीही. चादरीला सुरकुती चालत नाही, ओल चालत नाही, पायाखाली उशी सरकवावी लागते, पाठ पुसून कोरडी करून पावडर लावावी लागते. आणि हे सारे जिने एकदाही 'बरे वाटते' असे म्हटले नाही तिच्यासाठी, बेचाळीस वर्षे. आपल्या देशातील सार्वजनिक रुग्णालयांची निंदा करण्याची आपणां सर्वांना सवय आहे, मलाही आहे; त्या निंदेच्या वहीत ही एक नोंद उलट बाजूने घालून ठेवावी.

या अरुणाच्या वतीने, तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, हे जगणे जगणे नव्हे, तिचे अन्न थांबवावे आणि तिला शांतपणे जाऊ द्यावे. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी अर्ज नामंजूर केला. त्याच निकालात त्यांनी असेही सांगितले की, बेशुद्ध रोग्याचे जीवरक्षक उपचार काढून घेण्यास योग्य प्रसंगी उच्च न्यायालयाच्या मंजुरीने परवानगी मिळू शकते. निकालाने परिचारिकांना आनंद झाला. त्यांनी मिठाई वाटली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली.

त्या निकालाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याची चर्चा फारशी झाली नाही. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अखत्यार कोणाचा? नातेवाईकांचे येणे-जाणे कधीच थांबलेले. लेखिका म्हणते, मी तिची हितचिंतक. न्यायालयाने म्हटले, जिने मळ काढला, मूत काढले, घास भरविला, तिचाच शब्द आधी. त्या खोलीपुरते हे उत्तर मला सर्वस्वी योग्य वाटते. परंतु या उत्तराचा नियम केला की काय होते? केईएममध्ये रोग्याजवळ उभ्या होत्या त्या बेचाळीस वर्षे सेवा करणाऱ्या परिचारिका. अन्यत्र रोग्याजवळ कोण उभे असते? ज्याने रोग्याच्या बिलाची रक्कम भरली आहे, किंवा ज्याला ती उद्या सकाळपर्यंत भरावयाची आहे, तो. आणि अरुणाला काय हवे होते, हे ना लेखिकेला ठाऊक होते, ना परिचारिकांना, ना न्यायमूर्तींना.

आता तहकूब ठेवलेला प्रश्न. मारणे आणि मरू देणे यांत अंतर आहे काय? १९७५ साली जेम्स रेचेल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक कल्पित दृष्टांत मांडला. एका मनुष्याने वारशाच्या लोभाने आपल्या लहान चुलतभावाला स्नानाच्या टबात बुडवून मारले. दुसरा मनुष्य त्याच हेतूने, त्याच तयारीने न्हाणीघरात शिरला; परंतु तेवढ्यात मुलगा आपसूक पाय घसरून पाण्यात पडला, आणि हा बाजूला उभा राहून बघत राहिला. दुसरा पहिल्याहून तसूभर तरी चांगला ठरतो काय? नाही ठरत. तेव्हा रेचेल्स म्हणतो, हात हलविला की न हलविला यात नीती नाही. आणि मरू देणे जर क्षम्य असेल, तर वेदना लांबविणाऱ्या मरू देण्यापेक्षा तत्काळ मारणे अधिक दयेचे आहे.

हा युक्तिवाद मला खोडता आलेला नाही, आणि ज्यांनी तो खोडल्याचे म्हटले आहे त्यांचे लेखन वाचून माझे समाधान झालेले नाही. तरीही कायद्याने ही रेषा पुसू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, वैद्यकातच आहे. न्यू जर्सीच्या कॅरेन अ‍ॅन क्विन्लनचे उदाहरण घ्या. ही तरुण मुलगी १९७५ साली बेशुद्ध झाली. श्वासयंत्र काढावे म्हणून आईबापांनी न्यायालयाचे दार ठोठावले. १९७६ साली परवानगी मिळाली. यंत्र काढले की ती जाणार, असेच सर्वांनी धरले होते. यंत्र काढले, आणि ती आपली आपण श्वास घेऊ लागली. ती गेली १९८५ साली. यंत्र काढून घेण्याच्या कृतीत वैद्याचे अनुमान चुकले तर ती चूक उघडी पडण्यास वाव असतो; रोग खरोखर प्राणघातक असेल तरच रोगी जातो. सुईच्या कृतीत असा वाव नाही. तेथे निदान खरे असो वा खोटे, मागणी मनापासूनची असो वा कोणी वदविलेली, परिणाम एकच. ज्या देशात तपासणीचे कागद अदलाबदल होणे ही नवलाची गोष्ट नाही, त्या देशाने चुकीला वाव ठेवणारी रेषा जपावी, यात मला भित्रेपणा दिसत नाही.

'एकदा दार किलकिले केले की ते सताड उघडते' ही भीती सर्वत्र घातली जाते, आणि तिच्यासाठी नाझी जर्मनीचा दाखला देण्यात येतो. १९३९ पासून तेथे मनोरुग्ण आणि अपंग यांची सरकारी यंत्रणेने पद्धतशीर हत्या केली, पहिल्या दोन वर्षांतच सत्तर हजारांहून अधिक माणसे मारली, आणि त्याला दयेचे नाव दिले. परंतु त्या माणसांपैकी एकानेही मरण मागितले नव्हते. म्हणून डच डॉक्टरांना त्या पंक्तीला बसविणे हा अन्याय आहे. अधिक प्रामाणिक दाखला कॅनडाचा आहे. तेथे २०१६ च्या कायद्यात मरण नजीक असण्याची अट होती. २०१९ साली क्वेबेकच्या न्यायालयाने विचारले, असह्य पीडा हेच कारण असेल तर ज्याचे मरण दूर आहे, ज्याला तीच पीडा वीस वर्षे सोसावयाची आहे, त्याला वगळता का? तर्क बिनतोड होता. २०२१ साली ती अट गेली. केवळ मानसिक विकारासाठीही ही मुभा द्यावयाची ठरले, ते मात्र २०२७ च्या मार्चपर्यंत लांबणीवर टाकले आहे. २०२३ साली त्या देशात पंधरा हजारांवर माणसे या मार्गाने गेली. एकूण मृत्यूंच्या सुमारे ४.७ टक्के. नुसत्या आकड्याने काही सिद्ध होत नाही. पण तेथील अपंगांच्या संघटना जे विचारतात ते मला निरुत्तर करते: आम्हांला घर मिळत नाही, मदतनीस मिळत नाही, वर्षानुवर्षे रांगेत उभे राहावे लागते, मग सरकारदरबारी एवढी एकच गोष्ट आम्हांला इतक्या तत्परतेने कशी मिळते?

ओरेगॉनचा अनुभव याहून बोलका आहे. औषधाची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोक ते औषध घेतच नाहीत. उशाशी आहे एवढाच दिलासा त्यांना पुरतो. आणि मागणीची जी कारणे डॉक्टर नोंदवितात त्यांत वेदनेचा क्रमांक बराच खाली लागतो. स्वतःचे स्वतः काही करता न येणे, रोजच्या जगण्यातला रस जाणे, ही वरची कारणे. म्हणजे मनुष्य भितो तो परस्वाधीनतेला. आपल्याला हे कळावयास ओरेगॉनला जाण्याची गरज नव्हती. 'कोणाच्या हातचे पाणी पिण्याची पाळी येऊ नये', 'चालते हातपाय असताना उचल रे देवा' हे आपल्या घरातील प्रत्येक म्हातारीचे रोजचे मागणे असते. काही वर्षांपूर्वी दक्षिण मुंबईतील एका वृद्ध दांपत्याने मरणाची परवानगी मागणारा अर्ज राष्ट्रपतींकडे धाडला. दोघांनाही दुर्धर रोग नव्हता; मूलबाळ नव्हते, आणि पुढे येणाऱ्या परावलंबनाचे भय होते. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले. दयेची सुई कायदेशीर करावी की नाही यावर वाद झाला. त्या दोघांच्या म्हातारपणाची व्यवस्था कोणी लावावी यावर फारसा झाला नाही.

आणि आता मी मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे उपचार थांबविण्याचा निर्णय आज कोण घेतो? घेतो बिलाचा कागद. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर रात्री कोणी बसले असेल तर त्याला हे ठाऊक आहे. दाराशी चपलांचा ढीग, कोपऱ्यात गावाकडून आलेल्या पिशव्या, आणि दर संध्याकाळी खिडकीतून येणारा तो आकडा. चौथ्या-पाचव्या दिवशी थोरला मुलगा धाकट्याला बाजूला घेतो. शेताचे, दागिन्याचे, सोसायटीच्या कर्जाचे बोलणे होते. डॉक्टर यंत्र काढावयास तयार नसतात, कारण त्यांना फिर्यादीचे भय. मग निघतो एक छापील कागद: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रोग्यास नेत आहोत. रुग्णालयांच्या बोलीत त्याला 'डामा' म्हणतात. 'सात नंबरचा डामा झाला का?' असे विचारले जाते. मुलगा सही करतो. रुग्णवाहिकेत कोणीतरी हाताने फुगा दाबीत रोग्याला श्वास देत राहते, तो घराच्या उंबऱ्यापर्यंत. तेथे नळी काढतात, आणि मग सर्व काही घडते ते कायद्याच्या आणि वैद्यकाच्या नजरेआड, बिनबोभाट. वेदनेवर औषध नाही, धाप लागली तर उतार नाही, जवळ डॉक्टर नाही. हे मरण इच्छेचे आहे काय? दयेचे आहे काय? त्या मुलाला जन्मभर वाटत राहते की, बापाला मारल्याच्या कागदावर आपण सही केली. आणि त्या बापाचे मत विचारले होते कोणी?

वेदनेच्या औषधाचे तर आणखीच विपरीत. मध्यप्रदेशात मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, सरकारी कारखान्यात तिचे शोधन होते. आणि तिच्यापासून होणारे मॉर्फिन कर्करोगाने तळमळणाऱ्या आपल्या रोग्याला जिल्ह्याच्या गावी मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने इतके परवाने आणि इतक्या नोंदवह्या मागितल्या की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली संसदेने कायदा सैल केला. पण डॉक्टरांच्या मनातला धाक आणि गावोगावची टंचाई यांना संसदेची दुरुस्ती कळली नाही. उलट उदाहरणे नाहीत असे नाही. वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती अवेदना हे अखेरच्या रोग्यांसाठीचे देशातील पहिले सदन उघडले. आणि केरळात १९९३ पासून कोळिकोडच्या डॉक्टरांनी शेजारीपाजारी स्वयंसेवक हाताशी धरून घरोघरची वेदनाशामक सेवा अशी उभी केली की २००८ साली तेथील सरकारला ती आपले धोरण म्हणून स्वीकारावी लागली. केरळ आपल्याहून फार श्रीमंत आहे काय?

म्हणून माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. नकाराचा अधिकार पूर्ण मिळाला पाहिजे, यंत्र नको म्हणण्याचा आणि लावलेले काढा म्हणण्याचा. सुईचा अधिकार, तो तत्त्वतः समर्थनीय असला तरी, आज या देशात देऊ नये. कारण जेथे वेदनेचे औषध मिळत नाही आणि आजार घर बुडवितो, तेथे गरिबाने केलेली मरणाची मागणी ही मागणी आहे की शरणचिठ्ठी, हे कोणता न्यायाधीश ओळखणार? जो उपचार नाकारू शकत नाही आणि ज्याला वेदनेपासून उतारही मिळत नाही, त्याच्यापुढे मरणाचा पर्याय ठेवणे म्हणजे पर्याय ठेवणे नव्हे.

नकाराच्या अधिकाराचे काम कायद्याने बरेचसे केले आहे. १९९६ साली ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी जीविताच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही असे ठरविले, पण मरणाच्या दारातील माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न निराळा ठेवला. तो धागा उचलून ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नकाराचा हक्क आणि तो आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. परंतु त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत जाण्याची जी वाट आखली ती इतकी बिकट होती की तिच्यावरून फारसे कोणी गेलेच नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली म्हणजे रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ, प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत, मत देते, आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास इतल्ला दिली जाते. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी असा दस्तऐवज स्वतःचाच करून वाट घालून दिली.

तेव्हा आपणांस माझी विनंती अशी. हा कागद धडधाकट असताना करा. मला बोलता येईनासे झाले आणि सुधारणेची आशा उरली नाही, तर कोणते उपचार नकोत आणि वेदनाशमन मात्र शेवटपर्यंत हवे, हे त्यात लिहा; आपल्या वतीने बोलण्याचा अखत्यार कोणाला, ती एकाहून अधिक नावे लिहा; आणि तो कपाटात न ठेवता मुलामुलींना समोर बसवून वाचून दाखवा, एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्या. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावयाची आहे. आपल्या नगरपालिकेने असा अधिकारी नेमला आहे काय, याची चौकशी उद्या कचेरी उघडल्यावर कोणीतरी करावी. नेमला नसेल तर तसा लेखी अर्ज द्यावा, आणि त्याच हेलपाट्यात जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आहे काय हेही विचारून यावे.